दर रविवारी, जागच्या जागी

४ जानेवारी

मामा, नमस्कार.

पोचलो. हे हवामान केंद्राचं बेट म्हणजे एक मनोरा, एक खोली आणि उरलेला सगळा वारा. फोन लागत नाही. महिन्यातून एकदा बोट येते, किराणा आणि पत्रं टाकते आणि तासाभरात परत निघते. तेवढ्यात आलेलं वाचायचं आणि जायचं लिहायचं, त्यामुळे अक्षराला हसू नका.

गाडी तुमच्या अंगणात लावून मी घाईने निघालो, नीट बोलणं झालंच नाही. गाडी घेतली आणि महिन्याभरात बदली आली, असं माझं नशीब. छोटी एसयूव्ही आहे, फार कौतुक लागत नाही तिला. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. टायरची हवा बघा. एवढं बास.

खरं काम वेगळं आहे. बाबा गेल्याला आठ महिने झाले, आणि आईने तेव्हापासून उंबरा ओलांडलेला नाही. भाजीवाला दारात येतो, डॉक्टर दारात येतात, ती कुठेच जात नाही. टेकडीवर बस चढत नाही हे निमित्त. निघताना मी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले, तेव्हा म्हणाली, 'तुझ्या मामाला सांग, स्वतः गाडी चालवत माझ्या दारात ये. मग निघेन.' हे तिच्या तोंडून वदवून घ्यायला मला तीन दिवस लागले. तर मामा, तिला घराबाहेर काढा. पहिल्या रविवारी नुसती खालच्या चौकापर्यंत आणलीत तरी चालेल.

तीस वर्षं तुम्ही लायसन्सच्या ऑफिसात लोकांची ड्रायव्हिंगची परीक्षा घेतलीत. तुमच्या हाती किल्ली दिली आहे म्हणून मला इथे झोप लागते.

तुमचा भाचा

९ फेब्रुवारी

प्रिय भाचेबुवा,

तुझं पत्र पोचलं. गाडी उत्तम आहे, दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू असतं. वेळ आमचे शेजारी, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी लावतात, त्यामुळे सोळावं मिनिट होत नाही.

ताईकडे जायचं नक्की आहे. पण बाबा रे, तू गाडी कशा अवस्थेत ठेवून गेलास ते तुला ठाऊक नाही. सीट उघड्याबोडक्या! त्यावर माझ्या मोठ्या बहिणीला बसवू? कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलावलं, त्याने मापं घेतली. सीटना जाड कापडाची कव्हरं शिवली. मग त्या कव्हरांवर धूळ बसायला लागली म्हणून त्यांना पातळ कापडाची कव्हरं. स्टिअरिंगला कव्हर, गिअरच्या दांड्याला टोपी, आरशांना बाह्या. शिंपी हाताचा चांगला आहे, पण कापड उरलं की त्याला चैन पडत नाही.

खाली रबरी मॅट, त्यावर गालिच्याची मॅट, आणि ती चुरगळू नये म्हणून वर वर्तमानपत्र. पुढच्या बंपरला स्टीलचा गार्ड बसवला. गार्डला ओरखडा पडला तर काय, म्हणून त्याला रबर. गाडी उंच असल्याने तुझ्या मामीला चढता येत नव्हतं, तर सुताराकडून दोन पायऱ्यांचा जिना करून घेतला, कठड्यासकट.

आता एक मागचा कॅमेरा राहिला आहे. तो बसला की निघालोच म्हणून समज. परीक्षेत मी मागे न बघणाऱ्यांना सरसकट नापास करत असे, आणि आता स्वतःच मागे न बघता निघू? लोक काय म्हणतील?

ताईला सांग, मामा तयारीत आहे.

मामा

(मागच्या पानावर, वेगळ्या अक्षरात)

पत्र पेटीत टाकायचं काम माझं आहे म्हणून दोन ओळी घालते. गाडीत बसायला छान वाटतं. बाकीचं पुढच्या वेळी. – मामी

७ मार्च

मामा, नमस्कार.

कव्हरांचं वाचून बरं वाटलं, थोडं नवलही वाटलं. पण कॅमेरा नसला तरी चालेल हो. गाडी आल्यापासून त्याच्याशिवायच चालत होती.

आईचं या बोटीने एकाच ओळीचं पत्र आलं. 'मी ठीक आहे, खिडकी पुसली.' पूर्वी ती चार पानं लिहायची, शेजारणीच्या मांजराचं बाळंतपणसुद्धा त्यात असायचं. एका ओळीची मला भीती वाटते. मी इथे रोज वाऱ्याचा वेग मोजतो आणि कुठलं वादळ कुठे जाणार ते सांगतो, पण आईचं काही कळत नाही.

तुम्ही गेला होतात का तिच्याकडे? एवढंच कळवा.

तुमचा भाचा

१० एप्रिल

प्रिय भाचेबुवा,

कॅमेरा बसला. फार उपयोगी वस्तू आहे. मागची भिंत आता पुढे दिसते.

विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. दर रविवारी आमचा बेत ठरलेला असतो. चालवायला शिंपी, त्याच्या शेजारी मी, मागे घड्याळजी आणि तुझी मामी. मागच्या रविवारी समुद्रावर गेलो. वाटेत गर्दी फार. शिंप्याने डावीकडे वळताना इंडिकेटर दिला नाही, मी जागच्या जागी नापास केला. त्याआधीच्या रविवारी घाटात गेलो होतो. घाटाची वळणं तुझ्या मामीला सोसत नाहीत, तिला मळमळलं, घड्याळजींनी खिडकी उघडून दिली. त्याही दिवशी शिंपी नापास. चढावर पुढच्या ट्रकच्या पुढे काढायला बघत होता. मी म्हटलं, तुला घाई कसली आहे? तर म्हणाला, ट्रकचा धूर येतोय. कल्पनाशक्ती चांगली आहे, पण शिस्त नाही.

पुढच्या काचेला छोटा कॅमेरा लावला आहे, प्रवासाचं चित्रण होतं. आम्ही सगळे बसून परत बघतो. एका चित्रणात मांजर येतं, तो भाग सर्वांना आवडतो.

आता शिंपी गाडीला अंगभर कोट शिवतोय. कॉलर, बटणं आणि दोन खिसे. खिसे कशाला विचारलं तर म्हणाला, असू द्यावेत.

ताईकडे जायचं आहेच. पण त्या टेकडीचा रस्ता अरुंद आहे, आणि महापालिकेने वळणावर पांढरे पट्टे मारलेले नाहीत. पट्टे नसलेल्या रस्त्यावर माझ्यासारख्याने जाणं बरं दिसत नाही. त्यांना अर्ज केला आहे.

मामा

(मागच्या पानावर)

बाळा, आता लिहितेच. गाडी अंगणातून एक इंच हललेली नाही. तुझ्या मामांना गाडी चालवता येत नाही. तीस वर्षं हे शेजारच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकत आले. परीक्षा घेणाऱ्याला कोण विचारणार, तुला तरी येते का म्हणून? तू किल्ली दिलीस तेव्हा यांना नाही म्हणता आलं नाही. ड्रायव्हर ठेवा म्हटलं, तर म्हणतात, अर्ध्या गावाला मी नापास केलंय, आता त्यातल्याच कोणाच्या हाती मान देऊ? नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, आणि इथे तर गाडी अंगणातच आहे.

पण रात्री झोपेत 'ताई, आलो, आलो' म्हणतात, हेही तुला कळायला हवं. समुद्रावर आम्ही जातो ते जागच्या जागी, पंधरा मिनिटं. घाटही तिथेच असतो. मळमळतं मात्र मला खरोखर. – मामी

३ मे, बोट गेल्यावर

मामी, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती जूनमध्ये पडेल. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल बोट आली. मामांचं पत्र वाचलं आणि मला इतका आनंद झाला की आईला तिथल्या तिथे लिहायला बसलो. 'मामा दर रविवारी गाडी काढतो. शिंप्याला घेऊन समुद्रावर जातो, घाटात जातो. सगळ्यांना फिरवतो, तुझ्याकडे मात्र अजून आला नाही म्हणजे कमाल झाली. तूच त्याला जरा रागाव.' असं लिहून पाकीट बोटीवर दिलं. बोट दिसेनाशी झाली, चहा घेतला, आणि मग पत्राचं पान उलटलं.

आईचा एकुलता एक भाऊ शिंप्याला समुद्र दाखवतो आणि टेकडीवरच्या बहिणीकडे फिरकत नाही, हे मी तिला माझ्या हाताने कळवलं आहे. वर्षभर ती माणसांकडे पाठ करून बसली आहे. जे एक माणूस तिने अजून धरून ठेवलं होतं तेही मी तोडलं. तिने आता कडी आतून घातली तर कोणासाठी काढेल?

मामांना मला कळलं आहे असं सांगू नका. त्यांना फार लागेल. आणि गाडी इतके महिने एकाच जागी उभी असेल तर टायर एका बाजूने बसतात. सगळ्यांनी उतरून ती थोडी ढकला. मी हे काय लिहितोय मलाच कळत नाही.

तुमचा भाचा

२० मे

चिरंजीवास,

तुझं पत्र मिळालं. ते वाचून माझा जो संताप झाला तो मी आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल.

मला चपला सापडेनात. इतके दिवस लागल्याच नव्हत्या. कपाटाखाली मिळाल्या, त्यातल्या एकीत कोळ्याने घर केलं होतं. झटकल्या, घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि टेकडी उतरले. रागाने माणूस बरंच काही करतो. खाली बस मिळाली. बसमध्ये सगळा वेळ मी मामाला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते, त्यामुळे आपण घराबाहेर आहोत हे लक्षातच आलं नाही.

अंगणात पाऊल टाकलं तर गाडी चालू. कोट घातलेली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. कॉलरमधून दिवे डोकावत होते. आत शिंपी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेला, शेजारी तुझा मामा मांडीवर पॅड घेऊन, मागे तुझी मामी आणि ते घड्याळवाले गृहस्थ. मला वाटलं, निघालीच आता. मी सरळ गाडीसमोर जाऊन उभी राहिले. जा म्हटलं, माझ्या अंगावरून जा.

शिंप्याने हॉर्न दिला. मामाने काच खाली केली आणि म्हणाला, "ताई, बाजूला हो. लागेल."

मी खाली बघितलं. चारही चाकांना पुढून-मागून विटा लावलेल्या, आणि विटांनाही कव्हरं, नाडीची! मी विचारलं, ही लागणार कशी? घड्याळवाल्यांनी नुसतं सांगितलं की अजून नऊ मिनिटं आहेत.

मग तुझा मामा उतरला. माझ्यासमोर उभा राहिला, लहानपणी काच फोडल्यावर उभा राहायचा तसा. म्हणाला, "ताई, मला गाडी येत नाही. कधीच येत नव्हती."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. म्हणूनच तर तुला सांगितलं, स्वतः चालवत ये."

हे तुलाही आता कळू दे. जगात तुझ्या मामाला गाडी येत नाही हे दोघींनाच माहीत होतं, एक तुझी मामी आणि दुसरी मी. तू तीन दिवस मागे लागला होतास, तेव्हा मला अशी अट हवी होती जी कधी पुरी होणार नाही. ती मी शोधून काढली आणि निश्चिंत झाले. तुझं पत्र आलं आणि वाटलं, हा मेला शिकला! शिकला, आणि माझ्याकडे न येता शिंप्याला घेऊन फिरतोय. राग कशाचा होता, शिकल्याचा की न आल्याचा, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तुझ्या मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, मला वाटलं तू माझी वाट बघते आहेस. मी म्हटलं, मी तू येऊ नयेस याची वाट बघत होते. यावर तुझी मामी आतून म्हणाली की आता दोघांनी आत या, गार हवा बाहेर चालली आहे.

मला गाडीत बसायचं नव्हतं. तुला कधी बोलले नाही, आज सांगते. मी शेवटची गाडीत बसले ती तुझ्या बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा. येताना शेजारची जागा रिकामी होती आणि ड्रायव्हर बापडा अख्खा रस्ता माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होता. तेव्हापासून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तरी मी खिडकी लावून घेते. मला घर सुटत नव्हतं असं नाही. मला कुठूनही एकटीने परत यायचं नव्हतं.

पण ही गाडी जाणारच नव्हती. जी जात नाही तिच्यातून परत यायचा प्रश्नच नाही. मी तो कठड्याचा जिना चढले आणि मागे बसले. घड्याळवाल्यांनी जागा दिली, ते डिकीत बसले. शिंप्याने अदबीने विचारलं, कुठे घेऊ? मी म्हटलं, कुठे निघाला होतात तिथेच न्या. समुद्रावर निघालो होतो म्हणाला. बरं म्हटलं.

नऊ मिनिटं बसले. शिंपी वळणावर हळू घेत होता, मी येण्याआधी तो असा घेत नसे असं मामी म्हणाली. शेवटी मामाने सांगितलं, पोचलो. मी डोळे मिटूनच होते. बरं वाटलं.

आता दर रविवारी जाते. बसने जाते, गाडीत बसते, बसने येते. शेजारणीच्या मांजराला पुन्हा चार पिल्लं झाली आहेत.

आई

२ जून

आई,

पत्र चार वेळा वाचलं. बोटवाला ओरडतोय, म्हणून थोडक्यात. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. अटीमागचं कारण कळलं असतं तर मी तुला सोडून इथे आलो नसतो, म्हणून तू सांगितलं नाहीस, हे मला आत्ता समजतंय. बसत राहा. गाडी माझी आहे हे विसर. टायर खराब होऊ देत, बॅटरी जाऊ दे, कोटाला आणखी खिसे लावा.

फक्त एक विचारू? तू नेहमी मागेच बसतेस का?

तुझा

१९ ऑक्टोबर

प्रिय भाचेबुवा,

मधल्या बोटींना मी पत्रं दिली नाहीत, कारण लिहिण्यासारखं घडत होतं आणि ते पुरं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ताईने बजावलं होतं.

तुझा प्रश्न तिने आम्हाला वाचून दाखवला. पुढच्या रविवारी आली ती थेट पुढचं दार उघडून शिंप्याला म्हणाली, ऊठ. तो उठला. त्याला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं असावं, कारण एकवीस वेळा नापास होणं सोपं नाही. ताई स्टिअरिंगपुढे बसली आणि मला म्हणाली, तू परीक्षा घ्यायची नाहीस. शिकवायचंस. मी म्हटलं, ताई, मला येत नाही. तर म्हणाली, मग आपण दोघं शिकू.

दोघांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नावं घातली. तिथला मास्तर मीच कधीकाळी पास केलेला निघाला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चारचौघांत मान खाली घातली. क्लचचं आणि माझं अजून पटत नाही, मी पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. ताई पहिल्या फटक्यात पास. परीक्षा घेणारा पोरसवदा अधिकारी तिला 'काकू, आता रिव्हर्स' म्हणाला, तिने गाडी अशी मागे घेतली की त्याने पॅडवर नुसती सही केली.

मग परवाचा रविवार. विटा काढल्या. शिंप्याने स्वतः कोटाची बटणं सोडली आणि तो घडी करून काखेत धरला. जिना मात्र तुझी मामी सोडेना, तो टपावर बांधला. टायर एका बाजूने बसल्यामुळे गाडी पहिले दोन मैल लंगडत चालली, मग तिला आपोआप आठवलं.

खरी गाडी हलते, हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. घड्याळजी पंधराव्या मिनिटाला 'झालं' म्हणाले, आणि आम्ही अजून गावातच. शिंपी वरचं हँडल धरून डोळे मिटून बसला. त्याला मळमळलं, घड्याळजींना मळमळलं, मलाही. तुझ्या मामीला काही झालं नाही, ती म्हणाली, ह्यापेक्षा आमचा घाट अवघड होता.

समुद्र आला. ताईने गाडी रस्त्याच्या कडेला अगदी नीट लावली, पाण्याकडे तोंड करून. मागची मंडळी वारा खायला उतरली. आम्ही दोघंच आत राहिलो. ताई समोर बघत होती. म्हणाली, "इथून परत मलाच न्यायचंय ना?" मी हो म्हटलं. तिने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. मला तिला धीर द्यायचा होता. तीस वर्षं एकच भाषा बोललो, तीच तोंडात आली.

मी म्हटलं, "ताई, आधी हँडब्रेक लाव."

तिने लावला. आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, तुझे बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, ती पोटभर रडली.

येताना गाडी तिनेच आणली.

मामा